क्रॅब क्रॅकर सेटचा रिव्ह्यू: घेण्याआधी बघा तुमच्याकडे खेकडा फुटतो कुठे, किचनमध्ये की ताटात

सेटमध्ये काय काय येतं ते आधी सांगते. दोन क्रॅकर, म्हणजे अडकित्त्याच्या जातीचंच पण पातं नसलेलं, आतून दाते पाडलेलं स्टीलचं. चार लांब बारीक काटे, एका टोकाला दोन दात आणि दुसऱ्या टोकाला इवलासा चमचा. एक जाड आखूड कात्री, एक लाकडी हातोडी, आणि सगळं ठेवायला चेनवाला पाऊच. पॅकिंग छान आहे, गिफ्ट द्यायला शोभेल असं. ब्रँडचं नाव मुद्दाम लिहीत नाही कारण हाच सेट ऑनलाइन वेगवेगळ्या नावांनी मिळतो, फोटोसुद्धा तोच, उकडलेला लालबुंद खेकडा, बाजूला लिंबाची फोड आणि वितळलेल्या बटरची वाटी.

आता गंमत म्हणजे खालचे रिव्ह्यू वाचले तर एक जण म्हणतो लाइफ चेंजिंग आणि दुसरा म्हणतो पैसे पाण्यात, मधलं कोणी नाहीच. मला आधी वाटलं नेहमीप्रमाणे डुप्लिकेट माल वगैरे असेल, पण वापरून बघितल्यावर कळलं की दोघंही खरं बोलतायत, फक्त दोघांच्या घरी खेकडा वेगळा शिजतो. त्या फोटोतच उत्तर आहे खरं तर. फोटोतला खेकडा कोरडा आहे आणि अख्खा आहे, आणि आपल्याकडे यातलं काहीच नसतं.

खेकडा जगात कुठेही खा, कवच कोणीतरी फोडावंच लागतं. ते रांधणारा फोडतो की खाणारा, यावर निम्मी रेसिपी ठरते. आपल्या किनाऱ्यावर हे काम पूर्णपणे रांधणाऱ्याचं. बाजारात सुतळीने बांधलेल्या चिंबोऱ्या घेतल्या की कोळीण विचारतेच, "साफ करून देऊ का गं?", आणि घरी आणल्या तरी पद्धत तीच, वरची कवटी उचलायची, कल्ले काढून फेकायचे, धडाचे दोन तुकडे, मोठ्या नांग्या वेगळ्या काढून वरवंट्याने एकेक ठोका द्यायचा, चुरा होईल एवढा नाही, नुसती भेग जाईल एवढा. आणि बारीक पाय फेकायचे नाहीत, ते पाट्यावर किंवा मिक्सरला थोडं पाणी घालून वाटायचे आणि ते पाणी गाळून रश्शात सोडायचं. ज्यांच्याकडे हे करत नाहीत त्यांनी एकदा करून बघा प्लीज, रश्शाला जो दाटपणा आणि गोडसर समुद्री वास येतो ना तो नुसत्या भाजलेल्या कांदा-खोबऱ्याच्या वाटपाने येत नाही. कारणही साधं आहे, मालवणी मसाला कितीही जहाल असला तरी तो कवचातून आत जात नाही, त्याला वाट करून द्यावी लागते, आणि त्याच वाटेने खेकड्याची चव बाहेर रश्शात येते. म्हणजे आपण खेकडा खातो त्यापेक्षा जास्त खेकड्याचा रस्सा खातो.

आता अशा ताटात क्रॅकर काय करणार? मी रीतसर बसले सेट मांडून, भात, रस्सा, शेजारी क्रॅकर. नांगी आधीच भेगाळलेली, ती दात्यांमध्ये धरली आणि दाबली तर कवचाचे बारीक कण थेट गरात घुसले, ते चावताना कचकच लागतात. हात मसाल्याच्या तेलाने माखलेले त्यामुळे हँडल सटकतं, आणि एकदा तर रश्शाचा थेंब सरळ कपाळावर. माझी मावशी समोर बसून तोपर्यंत दोन नांग्या दाताने फोडून, चोखून, कवचाचा ढीग करून मोकळी, वर मला म्हणते, "ह्यां काय हाडलंस? कुर्ल्यो खावक हत्यारां कित्याक व्हयी?" तिच्याकडे उत्तर होतं आणि माझ्याकडे नव्हतं.

पण काटा! काट्याला मी पैकीच्या पैकी मार्क देते. धडाच्या तुकड्यात जे पातळ पडद्यांचे कप्पे असतात, जिथे खरा गोड गर लपलेला असतो आणि जो आपण चावून चोखून अर्धा वाया घालवतो, तिथे हा काटा अलगद जातो आणि गर अख्खाच्या अख्खा ओढून आणतो. जुनी माणसं यासाठी खेकड्याच्याच पायाचं टोकदार टोक वापरतात आणि ते फुकट असतं हे मान्य, पण ते मधेच तुटतं आणि काटा तुटत नाही. लहान मुलांना आणि दात दुखणाऱ्या मंडळींना तर हा काटा म्हणजे खेकडा परत चालू करायची सोय. चमच्याचं टोक कवटीच्या कोपऱ्यातली लाख, म्हणजे मादीच्या आतली केशरी अंडी, खरवडायला. लाखेसाठी आमच्याकडे ज्या काही वाटाघाटी चालतात त्यावर वेगळं लिहीन कधीतरी.

घाटावरच्या लोकांनी मात्र हा सेट घेऊच नये, अगदी स्पष्ट सांगते. ओढ्या-नदीतले काळे खेकडे आकाराने लहान, पावसाळ्यात रात्री बॅटरी घेऊन पकडलेले, कांदा-लसूण मसाल्यात झणझणीत केलेले आणि भाकरी कुस्करून खाल्लेले. त्यात गर शोधत बसायचं नसतंच मुळी, बहुतेक खेकडा कुटून त्याचा अर्कच रश्शात गेलेला असतो. क्रॅकरच्या दात्यांमध्ये ती नांगी बसतसुद्धा नाही, इकडून घातली की तिकडून निसटते.

आगरी-कोळी पद्धतीच्या भरलेल्या चिंबोऱ्यांना एक उपयोग सापडला. कवटीत मसाला आणि बेसनाचं सारण भरून दोऱ्याने बांधतात ना, तो दोरा कापायला कात्री उत्तम. हसू नका, तेलात शिजलेला गरम दोरा बोटांनी सोडवून बघा एकदा.

दक्षिणेकडे सरकलं तरी पार्टी आपलीच. गोव्याचं शेक शेक (भाजलेल्या खोबऱ्याच्या वाटपाची करी) घ्या, मंगळुरी सुक्कं घ्या ज्यात खोबरं तुकड्यांना बाहेरून चिकटलेलं असतं, केरळचा कढीपत्ता आणि खोबरेल तेलातला रोस्ट घ्या, सगळीकडे आधी फोडायचं मग शिजवायचं. तमिळनाडूत तर खेकडा ठेचून मिरी-जिऱ्याचं रसम करतात, सर्दी झाली की हमखास, म्हणजे तिथे गर हा मुद्दाच नाही. श्रीलंकेतल्या जाफन्याच्या करीत शेवग्याचा पाला पडतो. बंगालात मोहरीच्या तेलात 'झाल' नावाचा तिखट रस्सा, सोबत बटाटा. मसाले बदलतात, तेल बदलतं, पण हात तेच आणि ताटात हत्यार नाही. या सगळ्या प्रांतांतल्या लोकांनी हा सेट मागवला की एक स्टार ठरलेला.

मग पाच स्टार देणारे कोण? ज्यांच्याकडे खेकडा अख्खा वाफवतात किंवा उकडतात ते. अमेरिकेत मेरीलँडला, चेसापीक उपसागराच्या काठावर, ब्लू क्रॅब व्हिनेगर किंवा बीअरच्या वाफेवर शिजवतात, वरून ओल्ड बे नावाचा मसाला थापतात (हा मसाला 1939 साली जर्मनीहून पळून आलेल्या गुस्ताव ब्रुन नावाच्या ज्यू माणसाने बाल्टिमोरला काढला, आणि आता तिकडे तो चिप्सवरसुद्धा असतो), मग टेबलावर ब्राऊन पेपर किंवा वर्तमानपत्र पसरून खेकड्यांचा ढीग ओततात आणि प्रत्येकाला एक लाकडी हातोडी. मसाला कवचाच्या बाहेरच असतो, तो बोटांना लागतो आणि बोटांवरून गराला लागतो, असा उलटा प्रवास. तिकडेच खाली लुईझियानात मसाला पाण्यात घालून त्या पाण्यात खेकडे उकडतात, सोबत बटाटे आणि मक्याची कणसं, आणि वाफवायचे की उकडायचे यावरून या दोन प्रांतांचं आपल्याकडच्या नारळ की शेंगदाणा टाइप जुनं भांडण आहे. मेरीलँडवाले म्हणतात उकडला की खेकडा पाणचट होतो. मी दोन्ही प्रकार आपल्या बाजारातल्या पाठीवर तीन ठिपकेवाल्या समुद्री खेकड्यावर करून बघितले आणि याबाबतीत मी मेरीलँडच्या बाजूने आहे, वाफवलेल्याचा गर घट्ट राहतो आणि गोडी आत राहते. मात्र पाण्यात भरपूर मीठ घातलं तर उकडलेलाही वाईट नाही, फरक आहे पण भांडण्याइतका नाही.

अमेरिकेच्याच पश्चिम किनाऱ्यावर डंजनेस खेकडा, मोठा, गरदार, त्याला मसालाच नको म्हणतात, नुसता उकडून, फोडून, वितळलेलं बटर आणि सान फ्रान्सिस्कोचा आंबट पाव. आपल्या जिभेला हे आजारी माणसाचं जेवण वाटेल, पण गर ताजा असेल तर पहिल्या दोन घासांनंतर मसाल्याची आठवण येत नाही (तिसऱ्याला येते). हा क्रॅकर मुळात असल्याच खेकड्यासाठी बनलाय. फ्लोरिडात तर अजून वेगळंच, स्टोन क्रॅबच्या फक्त नांग्या काढून खेकडा परत समुद्रात सोडतात, नांगी पुन्हा उगवते, आणि त्या नांग्या उकडून थंड करून मोहरीच्या सॉसबरोबर खातात. थंड खेकडा मला काही झेपणार नाही, सॉरी.

खेकड्याच्या हत्यारांचा खरा शौक मात्र चीनचा. शांघायच्या आसपास शरद ऋतूत केसाळ नांग्यांचे गोड्या पाण्यातले खेकडे खातात, यांगचेंग तलावातले सगळ्यात नावाजलेले, नुसते वाफवून, आल्याच्या व्हिनेगरमध्ये बुडवून, सोबत कोमट राइस वाइन. त्यासाठी जुन्या काळापासून आठ तुकड्यांचा संच आहे, चिमुकला हातोडा, ठोकायला छोटंसं टेबल, चिमटा, कात्री, काटा, चमचा वगैरे. खेकडा तळहाताएवढा पण नाही, तरी तासभर पुरवून खायचा. तिथे आणि घाटावर दोन्हीकडे खेकडा लहानच, आणि एकीकडे तो कुटून रश्शात घालवला आणि दुसरीकडे त्याच्यासाठी आठ हत्यारं काढली, हे मला फार आवडलं.

मादी की नर यावरही प्रत्येकाची मतं वेगळी. चीनमध्ये म्हण आहे की नवव्या चांद्रमासात मादी खा, दहाव्यात नर. मेरीलँडला वाफवायला मोठा नर पसंत, आणि साउथ कॅरोलायनातल्या चार्ल्सटनला मात्र मादीच्या लाखेचं सूप प्रसिद्ध. डंजनेसमध्ये व्यावसायिक मच्छीमारांना फक्त नरच पकडता येतो, कायदाच आहे. आपल्याकडे लाखेची मादी म्हटलं की भाव चढलाच. ओळखायचं सोपं, उलटा करून बघा, पोटावरची झडप रुंद गोलाकार असेल तर मादी, अरुंद टोकदार असेल तर नर. फक्त झडपेबाहेर अंड्यांचा गुच्छ लोंबत असेल तर ती मादी घेऊ नका, ती अंडी सोडायच्या बेतात असते, आणि लाख म्हणतात ती तर आतली असते, ही नव्हे. आणि आकाराच्या मानाने हाताला जड लागते का ते बघा, नुकतीच कात टाकलेली असेल तर कवच मोठं आणि आत पाणी. अमावास्येला भरलेल्या आणि पौर्णिमेला पोकळ असं आमच्याकडे मानतात आणि मी आपली मानते, पण हातात घेऊन वजन बघितल्याशिवाय अमावास्येलाही घेत नाही. पोकळ खेकड्यावर कसलाही सेट चालवा, हाताला काही लागणार नाही.

बरं, आता सेट आपल्या लोकांना कधी उपयोगी पडतो, तर मधल्या गावात. म्हणजे जिथे खेकडा मसालेदार तर आहे पण सॉस नुसता बाहेरून लपेटलेला आहे. सिंगापूरचा चिली क्रॅब हे त्याचं उत्तम उदाहरण, टोमॅटो-मिरचीचा गोडसर सॉस, त्यात अंड्याच्या रेषा, पुसून खायला तळलेले मांतोऊ पाव, खेकडा किचनमध्ये तुकडे करून आलेला आणि तरी टेबलावर क्रॅकर ठेवलेला. कोलंबोतलं मिनिस्ट्री ऑफ क्रॅब (2011 साली उघडलं, शेफ दर्शन मुनिदासाबरोबर जयवर्धने आणि संगकारा पार्टनर, हो तेच दोघं) तिथला मिरी घातलेला किंवा लसणाचा खेकडाही याच वर्गातला. आणि मुंबईचा बटर पेपर गार्लिक. फोर्टमधल्या तृष्णाने त्याला नाव मिळवून दिलं आणि आता हायवेवरच्या फॅमिली हॉटेलातही मेनूवर असतो.

हा बटर गार्लिक मी घरी करून सेटची खरी परीक्षा घेतली. मोठी खाडीची चिंबोरी, नांग्या चांगल्या दणदणीत, कवच एवढं जाड की दाताने फोडायची हिंमत होऊ नये. आणि इथे क्रॅकर लागला कामाला! पण एक ट्रिक आहे जी पाऊचमधल्या माहितीपत्रकात लिहिलेली नाही. नांगीचा जो फुगीर भाग असतो त्याला थेट मधे धरून दाबू नका, त्याने चुरा होतो. आधी नांगीचं हलणारं बोट हाताने उलट्या दिशेला वाकवा आणि सावकाश ओढा, त्याच्याबरोबर आतून एक पांढरं चपटं कडक पातं बाहेर येतं आणि नशीब चांगलं असेल तर त्या पात्याला चिकटून गरही येतो. मग फुगीर भाग क्रॅकरमध्ये आडवा धरायचा, कट् असा आवाज आला की थांबायचं, नांगी फिरवायची, पुन्हा कट्, आणि टोपी काढावी तसं कवच उतरतं. आत अख्खी गुलाबी-पांढरी नांगी. ती वितळलेल्या लसूण-बटरमध्ये घोळवून खाल्ली तेव्हा मावशीही गप्प होती, आणि नंतर क्रॅकर तिच्याच हातात होता एवढं सांगते.

कात्री हा या सेटमधला छुपा रुस्तम. पातळ कवचाच्या समुद्री खेकड्यांवर क्रॅकर चालवू नका, चेचून जातात, त्यापेक्षा पाय बाजूने उभा कापा आणि कवच पुस्तकासारखं उघडा. जपानात आणि अलास्काच्या लांबलचक पायांच्या खेकड्यांना असंच करतात. घरात पाहुणे असतील तर वाफवल्यावर किचनमध्येच सगळे पाय कापून ठेवा, ताटात मारामारी होत नाही. भाजी, पापलेटचे पर, चिकनचं काहीही, कात्री आता माझ्याकडे रोज चालते.

हातोडी मात्र मला पटली नाही. जोरात मारलं की शिंतोडे, हळू मारलं की काहीच नाही, आणि खालच्या मजल्यावरचे वर येऊन विचारतात काय चाललंय. मेरीलँडवाले नांगीवर सुरी ठेवून सुरीच्या पाठीवर हातोडी मारतात, अर्धी भेग पाडतात आणि मग हाताने मोडतात, तसं केलं तर बरंच बरं जमतं. पण आपल्या खाडीच्या चिंबोरीच्या कवचापुढे हे लाकूड हलकंच पडतं, घरात वरवंटा असेल तर तोच घ्या. शिवाय लाकूड हळदीने पिवळंधम्मक झालंय आणि कितीही घासलं तरी वास जात नाही, लिंबू झालं, बेसन झालं.

कोरियाबद्दल एक ओळ, कारण तिथे हा सगळा खटाटोपच नाही. सोया सॉसमध्ये मुरवलेला कच्चा खेकडा असतो, धडाचा तुकडा हाताने दाबून गर थेट तोंडात, आणि कवटीत भात कालवून शेवटचा घास. कच्चं खायची माझी तयारी नाही, पण कवटीत भात कालवायचं सुख आपल्याकडच्या पोरांना वेगळं सांगायला नको.

मटेरियलबद्दल. क्रॅकरच्या बिजागरीत मसाला अडकतो, जुन्या टूथब्रशने लगेच घासा, नाहीतर आमसुलाच्या आंबटाने तिथे तांबूस डाग पडायला लागतात, माझ्या एकावर पडलेत, स्टेनलेस लिहिलंय तरी. दात्यांना अजून काही झालेलं नाही. काट्यांपैकी एकाचा दात थोडा वाकला, पण तो मुलाने नारळाच्या वाटीवर चालवला होता त्यामुळे कंपनीला दोष देत नाही. पाऊच कापडी आहे, ओलं काही आत ठेवू नका, पावसाळ्यात कुबट होतो.

तर रेटिंग द्यायचं झालं तर काट्यांना पाच, कात्रीला पाच, क्रॅकरला बटर गार्लिकच्या दिवशी चार आणि रश्शाच्या दिवशी एक, हातोडीला अर्धा, तोही दिसायला बरी आहे म्हणून. घरी बहुतेक वेळा रस्साच होत असेल तर अख्खा सेट नका घेऊ, नुसते काटे सुटे मिळतात ते घ्या आणि किचनची एखादी दणकट कात्री. आणि घेणारच असाल तर घरात खाणारी तोंडं मोजून घ्या, चार काट्यांमागे क्रॅकर दोनच येतात आणि वाट बघणाऱ्याचं बटर गोठतं.